गॅस बॉयलर काढून हीट पंप: हॅरोमधल्या एका घराचं प्रकरण

लंडनच्या वायव्येला हॅरो. तिथलं १९३० च्या दशकातलं एक सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे जोडघर: तीन बेडरूम, पुढे बे विंडो, मागे स्वयंपाकघर वाढवून घेतलेलं. घरमालक आमचे स्नेही, मूळचे नाशिकचे. ते, वहिनी, दोन मुलं आणि त्या वर्षी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या त्यांच्या आई. घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा गॅसचा कॉम्बी बॉयलर म्हातारा होऊन कुरकुरायला लागला, तेव्हा नवा बॉयलर घ्यायचा की हीट पंप, असा प्रश्न आला. माझं काम इमारतींच्या वातानुकूलनातलं, त्यामुळे कोटेशनं माझ्याकडे पाठवली गेली. पुढचे आकडे त्याच घराचे आहेत, फक्त गोल केले आहेत.

हीट पंप बसला, पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालला, आणि जानेवारीचं बिल बघून सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच.

यंत्राबद्दल फार बोलायला नको. घरातल्या एसीचं बाहेरचं युनिट उन्हाळ्यात गरम हवा फेकतं, कारण खोलीतली उष्णता ते बाहेर नेऊन टाकत असतं. हीट पंप तेच काम उलट्या दिशेने करतो: बाहेरच्या थंड हवेतली उष्णता खेचून घरातल्या पाण्याला देतो. एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळते, कारण वीज उष्णता तयार करायला नाही, वाहून आणायला वापरलेली असते. कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ती १८५२ मध्येच मांडली होती. ‘इंग्लंडच्या थंडीत हा चालत नाही’ असं शेजाऱ्यांनी स्नेह्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. माणशी हीट पंप सगळ्यात जास्त कुठे आहेत म्हणाल, तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये. तेव्हा थंडीचा मुद्दा इथेच सोडून देऊ.

तीन कोटेशनं

पहिलं कोटेशन फोनवरच आलं. घराचं क्षेत्रफळ विचारलं, १२ किलोवॉटचं यंत्र सुचवलं, संपलं. दुसऱ्या कंपनीचा माणूस घरी आला, खोल्यांवरून नजर फिरवून ९ किलोवॉट म्हणाला. तिसऱ्या कंपनीच्या बाईंनी टेप आणि लेसर घेऊन प्रत्येक खोली मोजली, भिंतीत पोकळी आहे का, ती भरलेली आहे का ते पाहिलं, माळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी मोजली, लाकडी जमिनीखाली डोकावल्या. त्यांचं उत्तर ६.५ किलोवॉट.

स्नेह्यांना हे खटकलं. ‘अहो, आपला बॉयलर ३० किलोवॉटचा आहे, आणि ही बाई साडेसहा म्हणते!’ शंका रास्त आहे, पण कॉम्बी बॉयलरचे ते ३० किलोवॉट नळाला तत्काळ गरम पाणी देण्यासाठी असतात. घर गरम ठेवायला त्याच्या चौथ्या हिश्श्याचीही गरज नसते.

पडताळा गॅसच्या बिलावरून घेता येतो. या घराचा वर्षाचा गॅस १५,००० युनिट (किलोवॉट-तास). बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घराला मिळालेली उष्णता १२,७५० युनिट. त्यातली अडीच हजार अंघोळी आणि भांड्यांची. उरली सव्वादहा हजार. लंडनच्या हवामानाचा हिशेब लावला, की बाहेर उणे २ आणि आत २० अंश असताना हे घर तासाला पाच-सहा युनिट उष्णता गमावतं, असं निघतं. म्हणजे पाच-सहा किलोवॉट. माझ्यासारखे लोक घाईत असले, की वर्षाच्या उष्णतेला सरळ दोन हजाराने भागतात, तेवढ्यानेही १२ किलोवॉटवाल्याचं पितळ उघडं पडतं. फक्त जुन्या बिलांच्या वर्षी तुम्ही घर खरंच उबदार ठेवत होता ना, हे स्वतःला विचारायचं. बिलाच्या धास्तीने स्वेटर घालून बसणाऱ्यांचा आकडा फसवा निघतो.

मोठं यंत्र घेतलं तर काय बिघडलं? बिघडतं. हीट पंप सलग, कमी वेगाने चालण्यासाठी बनवलेला असतो. १२ किलोवॉटचं यंत्र आपला वेग एका मर्यादेखाली आणू शकत नाही, मग ऑक्टोबर किंवा एप्रिलच्या बेताच्या थंडीत ते सारखं चालू-बंद होतं, वीज जास्त खातं आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. ‘प्रत्येक खोलीचा उष्णता-क्षय मोजून लेखी देणार का?’ हा विचारा.

रेडिएटर: खरं काम इथे

गॅस बॉयलर रेडिएटरला, म्हणजे खोल्यांतल्या भिंतींवरच्या गरम पाण्याच्या पत्र्यांना, ६५-७० अंशांचं पाणी पाठवतो. हीट पंपालाही ते जमतं, पण परवडत नाही. पाणी जेवढं कमी गरम, तेवढी वीज कमी. एका अंशामागे साधारण दोन ते अडीच टक्के. त्यामुळे कडाक्याच्या दिवशीही ४५ अंशांत भागेल अशी रचना करायची, असं तिसऱ्या कंपनीने ठरवलं. रेडिएटरकडे जाणाऱ्या या पाण्याच्या तापमानाला इथे फ्लो टेम्परेचर म्हणतात. कोटेशनमध्ये हा आकडा नसेल, तर ते कोटेशन अपुरं समजावं.

मागच्या बेडरूमचं उदाहरण घेऊ. त्या खोलीला कडक थंडीत ६०० वॉट लागतात. भिंतीवर एका पत्र्याचा, मीटरभर लांब आणि ६०० मिमी उंच रेडिएटर होता. कॅटलॉगप्रमाणे तो जवळपास १,००० वॉट देतो, पण तो आकडा पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असतानाचा. पाणी ४५ ने आत आणि ४० ने बाहेर, खोली २० वर, म्हणजे फरक उरतो साडेबावीस अंशांचा. त्या फरकावर तोच रेडिएटर कॅटलॉगच्या सुमारे ३५ टक्केच देतो: ३५० वॉट. खोली गारठणार हे उघड आहे. त्याच जागी, त्याच मापाचा दोन पत्र्यांचा जाड रेडिएटर लावला, कॅटलॉगमध्ये १,७३० वॉटचा. त्याचे ३५ टक्के म्हणजे ६०० वॉट. भागलं. भिंतीवरची जागाही बदलावी लागली नाही, फक्त तो पूर्वीपेक्षा थोडा पुढे आला आणि पलंग इकडे सरकवावा लागला.

या घरात अकरापैकी पाच रेडिएटर बदलले. सगळे बदलावे लागतात अशी जी भीती घातली जाते, ती बहुतेक घरांत खोटी ठरते. नळ्यांचं मात्र नीट बघावं. बॉयलरचं पाणी रेडिएटरमधून वीस अंश थंड होऊन परत येतं, हीट पंपाचं पाच अंश. तेवढीच उष्णता न्यायला चौपट पाणी फिरवावं लागतं. साडेसहा किलोवॉटसाठी मिनिटाला सुमारे साडेअठरा लिटर. यांच्या वाढवलेल्या स्वयंपाकघराकडे जाणारी नळी पेन्सिलएवढी बारीक निघाली. ती बदलायला लाकडी फरशी उचकटली गेली आणि आठवडाभर घरात धूळ.

हे सगळं आपल्या घरात जमेल का, याची परीक्षा जुन्या बॉयलरवर फुकटात होते. भर थंडीत बॉयलरचं हीटिंगचं तापमान ५० वर आणा (नळाच्या पाण्याची कळ वेगळी असते, तिला हात लावू नका) आणि आठवडाभर हीटिंग दिवसभर चालू ठेवा. कुठल्या खोल्या कुडकुडतात ते कळेल, आणि तेच रेडिएटर बदलायचे. हीट पंप पुढे घेतला नाही तरी गॅस थोडा वाचतोच.

टाकी आणि देवघर

कॉम्बी बॉयलरला टाकी नसते. हीट पंपाला असतेच, कारण नळ उघडताक्षणी लागणारी ३० किलोवॉटची ताकद त्याच्याकडे नाही. तो पाणी आधी तापवून साठवतो. जुन्या इंग्रजी घरांत जिन्याच्या वर टाकीचं कपाट असायचं. कॉम्बी आल्यावर ती कपाटं रिकामी झाली, आणि मराठी घरांत त्यांचं पुढे काय झालं हे वेगळं सांगायला नको. या घरात तिथे देवघर होतं, सागवानी चौरंग आणि घंटेसकट.

वहिनींनी टाकी गॅरेजमध्ये ठेवा म्हणून सांगून पाहिलं. गॅरेज घरापासून सुटं, थंड आणि लांब. नळाला गरम पाणी यायला मिनिटभर लागलं असतं आणि नळ्यांतून उष्णता वाया गेली असती. अखेर देव खाली आले, पूर्वेच्या खिडकीशी. आई म्हणाल्या, कपाटापेक्षा ही जागा बरी.

टाकी २०० लिटरची. १० अंशांचं पाणी ५० पर्यंत न्यायला ९.३ युनिट उष्णता लागते, हीट पंप त्यासाठी साडेतीन युनिट वीज घेतो आणि दीड तास लावतो. दहा मिनिटांचा शॉवर घेणाऱ्याला टाकीतलं ६० लिटर पाणी लागतं. म्हणजे लागोपाठ तीन शॉवर, चौथ्याला थांबावं लागणार. बादलीने अंघोळ करणाऱ्या आईंना दोन बादल्या पुरत, त्यांची अडचण कधीच झाली नाही. अडचण थोरल्या मुलाची होती. गणपतीला घर भरलं, की दुपारी टाकी पुन्हा एकदा तापवायची, एवढाच उपाय. आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर नेलं जातं, लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून. ते आपोआप होतं.

बाहेरची बाजू

बाहेरचं युनिट मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवायचं ठरलं होतं. जमलं नाही. या यंत्रात आर२९० म्हणजे प्रोपेन वायू आहे. पर्यावरणाला हा वायू जुन्या रेफ्रिजरंटपेक्षा कितीतरी सौम्य, पण ज्वलनशील, म्हणून खिडकी, दार आणि गटाराच्या जाळीपासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. युनिट घराच्या बाजूच्या बोळात गेलं. हद्दीपासून एक मीटरची अट इंग्लंडमध्ये मे २०२५ मध्ये काढली गेली, नाहीतर तिथेही परवानगीचं लचांड लागलं असतं. आवाजाची मर्यादा मात्र कायम आहे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीशी तो किती पोचेल याचा हिशेब कंपनीने द्यायचा असतो.

दमट थंडीत युनिटच्या पात्यांवर बर्फ धरतं. मग यंत्र काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं आणि पांढऱ्या वाफेचा लोट उठतो. पहिल्यांदा तो पाहून शेजारच्या आजोबांनी आग लागली म्हणून दार ठोठावलं. वितळलेलं पाणी बोळात पसरून गोठायचं आणि बोळ निसरडा व्हायचा. खाली खडी भरून ते जिरवण्याची सोय नंतर केली. ती आधीच करायला हवी.

आणखी एक अडचण फार कमी लोकांना आधी कळते. त्या काळच्या जोडघरांत कधीकधी दोन घरांना एकच वीजवाहिनी असते, शेजारच्या घरातून फिरून आलेली. हीट पंप जोडण्याची सूचना वीजजाळ्याच्या कंपनीला द्यावी लागते, आणि अशी जोडवाहिनी निघाली की ती सुटी करून घ्यावी लागते. इथे त्यात काही आठवडे गेले. बॉयलर डिसेंबरात मेल्यावर हीट पंपाचा विचार करणाऱ्याला हे आठवडे परवडत नाहीत. तो गारठलेल्या घरात बसून जो मिळेल तो बॉयलर घेतो. उन्हाळ्यात ठरवा.

पैशाचा हिशेब

एकूण खर्च १३,००० पौंड. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेखाली ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ते ५,००० होतं. अर्ज घरमालकाला करावा लागत नाही. एमसीएस (हीट पंप बसवणाऱ्यांच्या दर्जाचं) प्रमाणपत्र असलेली कंपनी ऑफजेम या ऊर्जा नियामकाकडे अर्ज करते आणि रक्कम बिलातून वजा करते. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाकडून काम करून घेतलं, की अनुदान गेलं. व्हॅट मार्च २०२७ पर्यंत शून्य. खिशातून गेले ५,५०० पौंड, नव्या बॉयलरच्या खर्चापेक्षा दोन-अडीच हजारांनी जास्त.

चालवण्याच्या खर्चाबाबत मात्र विक्रेते जे सांगतात त्यात पाणी घालून घ्यावं. २०२५ च्या उन्हाळ्यात नियामकाच्या कमाल मर्यादेप्रमाणे वीज सुमारे २५.७ पेन्स युनिट होती आणि गॅस ६.३. म्हणजे वीज चौपट महाग. बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता धरून गॅसची उपयोगी उष्णता ७.४ पेन्सला पडते. बरोबरी साधायलाच हीट पंपाला वर्षाच्या सरासरीत एका युनिटमागे साडेतीन युनिट उष्णता द्यावी लागते. या घरात गॅसचं वर्षाचं बिल ९४५ पौंड येत होतं. सरासरी ३.५ मिळाली तर विजेचं बिल ९३५. सरासरी ४ मिळाली तर ८२०. आणि २.८ वर घसरली तर ११७०. काठावरचा हा खेळ आहे, आणि जिंकायचं की हरायचं हे रेडिएटर आणि सेटिंग ठरवतात. ठरावीक तासांत स्वस्त वीज देणारे हीट पंपाचे खास दर आहेत, ते घेतले तर पारडं चांगलंच झुकतं; पण तेही घर दुपारी थोडं जास्त तापवून संध्याकाळच्या महाग वेळेत यंत्र मंद ठेवणाऱ्यांनाच फळतात.

पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी एक बाजूचा मुद्दा. आपल्याकडे हीट पंप मुख्यतः अंघोळीच्या पाण्यासाठी येतो आणि त्याची स्पर्धा गीझरच्या कॉइलशी असते. कॉइल एका युनिटला एकच युनिट उष्णता देते, त्यामुळे तिथे बचत सरळ आहे. लंडनमधली ही काठावरची कसरत नाही. तिकडे बघायचं ते बोअरच्या जड पाण्याने टाकीत धरणारे क्षार आणि टाकीला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोड रॉड वेळेवर बदलला जातो का.

जानेवारी

आता त्या बिलाकडे. हीट पंपाने महिन्यात ८५० युनिट वीज घेतली, २१८ पौंडांची. तेवढीच उष्णता गॅसने १४५ पौंडांत दिली असती. यंत्राच्या पडद्यावर सरासरी दिसत होती २.३.

मी गेलो तेव्हा पाच मिनिटांत दिसलं. बसवणाऱ्यांनी रचना ४५ अंशांची केली, पण जाताना फ्लो टेम्परेचर सरसकट ५५ वर टाकून ठेवलं होतं, तक्रार येऊ नये म्हणून. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करणारी सोय, वेदर कॉम्पेन्सेशन, यंत्रात असूनही बंद. गणित इतकं काटेकोर करणाऱ्या कंपनीने शेवटच्या दिवशी हे करावं याचं मला आजही नवल वाटतं, पण असं सर्रास होतं. डिझाइन करणारे वेगळे, जोडणारे वेगळे.

उरलेलं घरच्यांच्या सवयीने केलं होतं. बॉयलरसारखंच सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास. रात्रभर गारठलेल्या भिंती दोन तासांत तापवायच्या म्हणजे यंत्राला जिवाच्या आकांताने धावावं लागतं. शिवाय रिकाम्या खोल्यांच्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंद, काटकसर म्हणून. त्यामुळे फिरायला पाणीच कमी, आणि यंत्र दर काही मिनिटांनी चालू-बंद. पुरणाला लागते तशी मंद, सलग आच या यंत्राला हवी असते.

बदल केले ते असे. बाहेर उणे २ असेल तेव्हा पाणी ४५ अंश, बाहेर १५ असेल तेव्हा २८, मधलं यंत्राने ठरवायचं. व्हॉल्व्ह सगळे उघडे. वेळापत्रक रद्द: दिवसा २१, रात्री १९. फेब्रुवारीत सरासरी ३.४ झाली. पुढे दोन-दोन अंशांनी पाणी आणखी उतरवत नेलं. घर थंड वाटायला लागलं की एक पायरी मागे. हे काम घरमालकाने स्वतःच शांतपणे करावं, त्यासाठी पुन्हा कंपनीला बोलवायची गरज नाही.

आईंची तक्रार वेगळीच. ‘रेडिएटर बिघडलाय, हाताला गरमच लागत नाही.’ पाणी ३५ अंशांचं असलं, तर लोखंड हाताला कोमटच लागणार. भिंतीवरचं थर्मामीटर २१ दाखवत होतं आणि त्या शाल न घेता बसल्या होत्या, तरी त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. तक्रारीत तथ्य मात्र होतं: रेडिएटरवर टाकलेले टॉवेल आता पूर्वीसारखे तासाभरात वाळत नाहीत. दिवसभर घरात असणाऱ्या माणसांना ही सलग ऊब फार मानवते. सकाळी आठला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या जोडप्याला तितका फायदा जाणवणार नाही, हेही सांगून टाकतो.

एक निर्णय अजून अडलेला आहे. गॅसचं कनेक्शन पूर्ण काढलं, तर रोजचा स्थिर आकार वाचेल, २०२५ च्या उन्हाळ्यात तो सुमारे ३० पेन्स, म्हणजे वर्षाचे ११० पौंड होता. पण गॅसची शेगडी आहे, आणि वहिनींचं म्हणणं, फुलका ज्वाळेवरच फुगतो. शेगडीला वर्षभरात लागणाऱ्या गॅसपेक्षा हा आकार कितीतरी जास्त आहे. स्नेह्यांनी इंडक्शनची एक सुटी शेगडी आणून ठेवली आहे. तिच्यावर सध्या फक्त चहा होतो.